भाटघरचे पाणी, सुप्याचे कर्ज

१२ मे १८७५ हा भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी आसपासच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली. धान्य आणि कापड लुटले गेले, पण लोक शोधत होते ते कर्जरोखे. खतांची दप्तरे ओढून बाहेर काढली आणि भर बाजारात त्यांची होळी केली. बघता बघता दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि शालेय पुस्तकातला ‘दख्खनचे दंगे’ हा धडा तिथेच संपतो. या दंग्याची एक वाट भोरच्या डोंगरात जाते, ती मात्र पुस्तकात सापडत नाही.

त्या कर्जाचे मूळ साता समुद्रापलीकडे होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि त्या पुरातला पैसा साखळीने सावकारांमार्फत गावोगाव कर्जाच्या रूपाने पोचला. त्याच्या थोडे आधीच आगगाडीचे रूळ पुण्याहून सोलापूरपर्यंत सरकले होते, मातीकामाला मजुरी मिळाली होती. कुणब्याची पत वाढली असे सावकाराला वाटले, कुणब्यालाही वाटले आणि सरकारलाही वाटले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या. सरकारने मात्र इंदापूर-भीमथडीकडच्या फेरजमाबंदीत सारा भरमसाट वाढवून ठेवला. भाव उतरले, सारा उतरला नाही, सावकाराने हात आखडता घेतला. मँचेस्टर कुठे आहे हे सुप्याच्या कुणब्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या हातात होते ते समोरच्या दुकानातले दप्तर.

दंग्यानंतरच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनला विसरता न येण्यासारखा. माणसे खडी फोडायला गेली, गुरे खाटकाकडे गेली, आणि मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतून गहू इंग्लंडकडे जातच राहिला. सरकारला दोन गोष्टी कळून चुकल्या. हा मुलूख दर काही वर्षांनी उपाशी राहणार, आणि उपाशी माणूस दंगा करतो. उपाय म्हणून कालव्यांचे आराखडे पुढे आले. नीरेचा डावा कालवा दुष्काळी कामांतूनच आकाराला आला आणि १८८० च्या दशकात पुरंदर, बारामती, इंदापूरच्या दिशेने वाहू लागला.

कालवा खाली, पण पाणी कुठले? सुप्याला वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला तरी सुगी मानतात. तिथून पश्चिमेला सरळ रेषेत दीडदोन दिवसांच्या चालीवर, वेल्हे आणि भोरच्या घाटमाथ्यावर, तोच पावसाळा शंभर इंचांच्या पुढे जातो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या तिथल्याच. इंग्रज इंजिनिअरांनी वेळवंडीवर भाटघरचा अरुंद गाळा हेरला आणि तिथे दगडी बांध घातला. जे. ई. व्हायटिंग या इंजिनिअरच्या नावाने त्या तलावाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणू लागले. हा सगळा मुलूख भोर संस्थानचा, पंत सचिवांचा. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायणांना मिळालेल्या सचिवपदापासून चालत आलेले हे राज्य. ज्या खोऱ्यांतल्या देशमुखांच्या बळावर शिवाजी महाराजांनी स्वराज्य मांडले, त्या रोहिड खोऱ्यातले, हिरडस मावळातले, गुंजण मावळातले पाणी आता इंग्रजी मुलखातल्या शेतांसाठी अडवले गेले.

येथपर्यंतची कथा कोणाला परोपकाराची वाटेल. वर पाऊस भरपूर, खाली दुष्काळ. वरचे पाणी खाली दिले तर बिघडले कुठे? अडचण पुढे आहे. कालवा काढला तो ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी, ‘संरक्षक’ म्हणून. पण ज्वारीवाला शेतकरी, पाऊस बरा झाला की कालव्याकडे ढुंकूनही बघत नसे, आणि पाऊस गेला की सगळे एकदम पाणी मागायला उभे राहत. असा कालवा उत्पन्न काय देणार? खजिन्याला मात्र गुंतवलेल्या पैशावर व्याज दिसायला हवे होते. बारमाही पाणी पिणारे आणि बारमाही पाणीपट्टी भरणारे पीक एकच होते: ऊस. १९०४ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत बसवली. सलग पट्टा आखून द्यायचा, त्यात आलटून पालटून ऊस घ्यायचा, आणि त्या पट्ट्याला ठरावीक वर्षे पाण्याची हमी द्यायची. विश्वेश्वरय्यांचा हेतू पाणी थोड्या बड्या बागायतदारांत न अडकता अधिक गावांत फिरावे हा होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण परिणाम असा झाला की दुष्काळासाठी निघालेले पाणी उसात जाऊन बसले आणि तिथून पुन्हा उठले नाही. अतिपाण्याने जमिनीही फुटल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे या सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच छापला होता. शंभर वर्षांपूर्वीचा तो इशारा आजच्या कालवा समितीच्या बैठकीत वाचून दाखवला तरी शिळा वाटणार नाही.

उसाला आणखी पाणी हवे झाले. १९०१ ते १९०३ या काळात बसलेल्या पाटबंधारे आयोगाने दख्खनमध्ये घाटमाथ्याला मोठे साठे करा असा सल्ला दिला, आणि त्यातून दोन प्रचंड दगडी धरणे उभी राहिली. प्रवरेवर भंडारदरा, १९२६ मध्ये पुरे झालेले, आणि वेळवंडीवर जुन्या बांधाखाली नवे भाटघर, १९२८ मध्ये पुरे झालेले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने त्याला लॉइड धरण म्हणत. लांबी सव्वा सोळाशे मीटर, उंची सुमारे अठ्ठावन्न मीटर, साठा साडेतेवीस टीएमसीच्या घरात. चुन्यात बांधलेले हे धरण बांधले गेले तेव्हा जगातल्या मोठ्या दगडी बांधकामांत गणले जाई. आजही पुणे-सातारा रस्ता सोडून भोरकडे वळलेला माणूस त्याच्याकडे बघतच राहतो. बांधकाम खरेच देखणे आहे.

धरणाचा दगड चढत होता तेव्हाच शेजारच्या मुळशीत सत्याग्रह चालू होता. १९२१ ते १९२४. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट तुरुंगात गेले, मुळशीच्या मावळ्यांची नावे वर्तमानपत्रांत आली, आणि धरण झाले तरी आठवण राहिली. भाटघरच्या बुडिताला असा सेनापती मिळाला नाही. मुळशीत प्रतिपक्ष एक खासगी कंपनी होती, तिच्याविरुद्ध पुण्यात सभा घेता येत होत्या. इथे जमीन संस्थानची, धरण इंग्रज सरकारचे आणि लाभ खालच्या जिल्ह्यांचा. तक्रार करायची तर कोणत्या दाराशी? वेळवंडी खोऱ्यातली माणसे काठाकाठाने वर सरकली. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, हाती राहिली ती वरकस जमीन, नाचणी-वरईची. उन्हाळ्यात धरण उतरले की कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ अजूनही पाण्याबाहेर येते आणि लोक दर्शनाला जातात.

आता १९३२ साल. जगभर मंदी होती. नीरेच्या उसाचा गूळ करून विकत, आणि गुळाचे भाव पार बसले होते. दुसरीकडे जावा बेटावरची साखर हिंदुस्थानच्या बंदरांत स्वस्तात उतरत होती. त्या वर्षी सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेवर जबर जकात बसवली. दिल्लीत एका कायद्यावर सही झाली आणि नीरेच्या खोऱ्यात तीनचार वर्षांत चिमण्या उभ्या राहिल्या. सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरचा कारखाना काढला. कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसवले. फलटणला साखरवाडी झाली, श्रीपूरला चंद्रशेखर आगाशांनी कारखाना घातला. डाव्या कालव्याच्या जोडीला उजवा कालवाही फलटण-माळशिरसकडे चालू लागला होता. स्वातंत्र्यानंतर सहकाराचा जमाना आला आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे महाराष्ट्राच्या राजकारणात कारखान्यांची म्हणून कमी आणि सत्ताकेंद्रांची म्हणून जास्त घेतली जाऊ लागली.

बारामतीच्या बागायतदाराचे कष्ट कमी लेखण्याचे कारण नाही. माळावर ऊस उभा करणे, कारखाना चालवणे, दूध संघ काढणे, मुलांना शिकवणे, हे त्यांनीच केले. त्या पायावर पुढे बारामतीला औद्योगिक वसाहत आली आणि उदारीकरणानंतर पियाजिओच्या तीनचाकी आणि फेरेरोची चॉकलेटे तिथे बनू लागली. इटलीतल्या कंपन्यांनी बारामती का निवडली याच्या कारणांत रस्ते येतात, वीज येते, नेतृत्व येते. त्या सगळ्याच्या तळाशी शंभर वर्षे वाहिलेले नीरेचे पाणी आहे, आणि ते भोरचे आहे. एवढे मान्य केले तर पुढचे बोलता येईल.

खाली पाणी गेले तशी वरची माणसेही गेली. भाताचे एक पीक, तेही राब भाजून, चिखलणी करून, पावसाच्या भरवशावर. दिवाळीनंतर हाताला काम नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातली पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गिरणीत, गोदीत, बाजारपेठांत हमालीला गेली. घर चालायचे मनीऑर्डरवर, शेत बाई करायची, गणपती-शिमग्याला गडी यायचे. मुंबईच्या कापडाला जागतिक बाजारात काय भाव आहे यावर भोरच्या वाडीतल्या घराचे पत्रे बदलायचे की नाही हे ठरे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कधी मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. परळ-लालबागची अखेर आपण चित्रपटांतून आणि नाटकांतून पाहिली. मनीऑर्डर थांबलेल्या गावांची अखेर कोणी फारशी मांडली नाही, कारण गाव एका दिवसात बंद पडत नाही.

भोर संस्थान त्याच्या खूप आधी, ८ मार्च १९४८ ला, मुंबई राज्यात विलीन झाले होते. राज्यकर्ते बदलले, नद्यांची दिशा बदलली नाही. वेल्ह्याच्या उत्तरेच्या अंगाची आंबी आणि मोसे मुठेला मिळतात, म्हणजे पुणे शहराला मिळतात. आंबीवर पानशेत बांधले गेले. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटले, खडकवासला गेले आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेत म्हटले की पुणेकराला तो दिवस आठवतो, आणि ते साहजिक आहे. पण पानशेत हे धरणाचे नाव होण्याआधी गावाचे नाव होते. पानशेत पुन्हा बांधले, मोसेवर वरसगाव बांधले. दोन्ही मिळून तेवीस टीएमसीच्या वर पाणी. तेवढ्यावर टेल्को-बजाजच्या काळातले पुणे वाढले आणि नंतर हिंजवडीचे पुणेही फुगले. वेल्ह्याच्या उठवलेल्या गावांना दौंडकडे जमिनी दाखवल्या गेल्या. भातशेतीतला माणूस काळ्या रानात, नात्यागोत्यापासून शंभर किलोमीटरवर. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्राने पुनर्वसनाचा पहिला कायदा केला १९७६ मध्ये, म्हणजे पानशेतची घरे उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

मग जागतिकीकरणाचे ते पर्व आले ज्याला आपण सगळे जागतिकीकरण म्हणतो. या वेळी बाजाराला पाणी किंवा गडी नको होते, जमीन हवी होती. १९९४ मध्ये कूळकायद्यात दुरुस्ती होऊन उद्योगासाठी शेतजमीन घेणे बिगरशेतकऱ्याला सोपे झाले. १९९६ मध्ये राज्याने नवी गिरिस्थाने वसवण्यासाठी नियम केले. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्ह्यातली अठरा गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली आणि वरसगावच्या फुगवट्याभोवती लवासा हे खासगी कंपनीचे शहर उभे राहू लागले. कृष्णा खोरे महामंडळाने धरणासाठी घेतलेल्या जमिनीपैकी सुमारे १४१ हेक्टर भाडेपट्ट्याने कंपनीला दिली. धरणासाठी, म्हणजे सार्वजनिक कामासाठी, सक्तीने घेतलेली जमीन हौसेच्या शहराला! दासव्याचा किनारा इटलीतल्या पोर्टोफिनोसारखा रंगवला. २००८ मध्ये नियोजनाचे अधिकारही कंपनीच्याच प्राधिकरणाकडे गेले: नकाशा काढणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. तोवर कर्जाचे चक्र अडकले होते. २०१८ मध्ये लवासा दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. २०२३ मध्ये खरेदीचा एक प्रस्ताव मंजूर झाला, पैसे वेळेत न आल्याने तो पुढच्या वर्षी बारगळला.

सुप्याचा कुणबी कर्जात बुडाला तेव्हा त्याचे बैल ओढून नेले होते. इथे बँकांचे हजारो कोटी अडकले तेव्हा रीतसर समिती बसली. मोसे खोऱ्यातल्या ज्या माणसाने एकरी काही हजारांत जमीन लिहून दिली, तो त्या समितीच्या देणेकऱ्यांत नव्हता आणि घेणेकऱ्यांतही नव्हता. विक्री पूर्ण झाली होती, त्याचे नाव सातबाऱ्यावरून उतरले होते, त्याचा संबंध संपला होता.

लवासा गाजले म्हणून दिसले. बाकीचे बदल हायवेने आले. पुणे-सातारा रस्ता चौपदरी झाला, मग सहापदरीचे काम वर्षानुवर्षे रखडत चालले, टोल मात्र वेळेवर चालू राहिला. खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यात गोदामे, वर्कशॉपे, हॉटेले उठली. नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातली शिरवळची एमआयडीसी. भोरची पोरे सकाळच्या पाळीला पूल ओलांडून कंत्राटी कामावर जातात. भोरजवळच्या उत्रौलीच्या औद्योगिक वसाहतीची चर्चा किती निवडणुका पुरली हे भोरकरांनाच विचारावे. हायवेपासून दूर, तोरण्या-राजगडाच्या पायथ्याला, शनिवार-रविवारी मोटारी येतात आणि डोंगरउतारावर फार्महाऊसांच्या कुंपणांची जाळी वाढते. कुंपणाच्या आत राखणदार म्हणून बहुधा आधीच्या जमीनमालकाच्याच घरातला कोणीतरी.

तरीही २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्यात जेमतेम चौपन्न हजार माणसे निघाली आणि शहर म्हणावे असे एकही गाव नव्हते. पुण्याच्या इतक्या जवळ, पुण्याला पाणी पाजणारा तालुका. मे महिन्यात भाटघर आणि नीरा-देवघरच्या काठच्या वाड्यांवर टँकर फिरतात. पाणी दिसते, पण ते खाली राखून ठेवलेले असते. हिर्डोशी खोऱ्यातले पावणेबारा टीएमसीचे नीरा-देवघर धरण भरू लागले, पण त्याचे स्वतःचे कालवे पुरे झाले नाहीत. मग ते पाणी नीरेच्या जुन्या दोन कालव्यांत कोणी किती घ्यायचे यावर भांडण सुरू झाले. बारामती-इंदापूरचा डावा की फलटण-माळशिरसचा उजवा? २०१९ च्या जूनमध्ये सरकारने एक वाटप बदलले, पुढच्या वर्षी नव्या सरकारने ते पुन्हा बदलले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत बारामती आणि माढा हे दोन लोकसभा मतदारसंघ झळकले. ज्या भोरमध्ये धरण आहे तो भोर बारामती मतदारसंघातच मोडतो, हे बातमीत शोधावे लागले. गुंजवणी धरणाचे पाणीही बंदिस्त नळांतून पुरंदरकडे न्यायचे ठरले, तेव्हा वेल्ह्याच्या शेतकऱ्यांनी आधी आमचे बघा म्हणून आवाज काढला, आणि तो रास्त होता.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मान्यता दिली. तालुक्याला किल्ल्याचे नाव देणे इथे नवे नाही. संस्थानच्या दप्तरात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड अशीच तालुक्यांची नावे असत. नाव परत आले याचा आनंद आहे. त्याच काळात पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्यासाठी भूसंपादन चालले होते. त्याचा पश्चिमेचा भाग भोर तालुक्यात वर्वे बुद्रुकपाशी येऊन हायवेला मिळायचा आहे. पुणे महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत भोर-वेल्ह्याचा काही भाग २०१५ पासूनच आहे. म्हणजे पुढची उलथापालथ कोणत्या वाटेने येणार हे या वेळी आधीच माहीत आहे. १८७५ मध्ये ते कोणाला माहीत नव्हते.

म्हणून भोर आणि राजगडच्या ग्रामसभांना एक सांगणे. रस्त्याचा मोबदला प्रत्येक जण आपापला मागेलच, तो मागायलाही हवा. पण त्याच्या आधी ठराव करा तो पाण्याचा. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव या पाचही जलाशयांत काठच्या गावांचा उपसा सिंचनाचा आणि पिण्याचा वाटा टीएमसीत, लेखी, कालवा समितीच्या वाटपपत्रकात पहिल्या ओळीला लिहून घ्या. महानगराच्या आराखड्यावर हरकत नोंदवताना तो ठराव सोबत जोडा. जमीन एकदा विकली की ग्रामसभेत बोलायला उठणारा माणूसही गावात राहत नाही, तेव्हा हे काम आत्ताच करावे लागेल.